खाणीतल्या घणाची लाकूडफोडी कुऱ्हाड करताना

घणसोलीहून प्रश्न आला आणि तोही घणाबद्दल, म्हणून आधी हसूच आलं. प्रश्न थोडक्यात असा: आजोबा दगडखाणीवर होते, त्यांचा आठ पौंडी घण घरात पडून आहे, दांडा वाळवीने खाल्लाय. जूनच्या वाऱ्यात परसातला आंबा आडवा झाला, त्याचे ओंडके तसेच आहेत. तुळशीच्या लग्नानंतर घरात हळद आहे, बाहेर मोठ्या चुली लागणार. चार इंची ग्राइंडर घरी आहे. तर घणाचं एक तोंड दोन्ही अंगांनी घासून धार काढली, तर लाकडं फोडायला चालेल का? बाजारातून नवीन घ्यायची नाही, आजोबांचीच वस्तू हातात घ्यायची आहे.

होईल. पण ग्राइंडरने नाही, आगीत घालून ऐरणीवर. मी वागळे इस्टेटमध्ये चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आणि हीच चूक नोकरीच्या तिसऱ्या वर्षी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घणाचं डोकं समोर ठेवा आणि पट्टी घ्या. माझ्याकडच्या आठ पौंडी घणाची मापं देतो, तुमची थोडी इकडेतिकडे असतील. जाडी ५५ मिलिमीटर, लांबी १६५, मधोमध ४० चं नेढं, म्हणजे दांड्याचं भोक. म्हणजे नेढ्याच्या काठापासून तोंडापर्यंत एका बाजूला साधारण ६२ राहतात. नेढ्याला लागून माल काढायचा नसतो, तिथे १४-१५ मिलिमीटर अंग सोडावंच लागतं, नाहीतर नेढं फाटतं. उरले ४८. या ४८ मध्ये तुम्हाला ५५ ची जाडी शून्यावर आणायची आहे. कागदावर काढून कोनमापक लावा, जवळपास ६० अंश येतील.

झाड तोडायच्या कुऱ्हाडीची धार २०-२५ अंशांची असते. फोडायच्या अवजाराला ३० ते ४० लागतात, कारण त्याचं काम कापायचं नाही, आत घुसून दोन्हीकडे ढकलायचं. ६० अंशांचं तोंड घुसतच नाही. मी सहा पौंडी घण दोन रविवार घासला होता, चार-पाच चकत्या संपवल्या, आणि पहिला घाव सुबाभळीच्या ओंडक्यावर घातला तर घण चेंडूसारखा उलटा आला. कपाळापासून वीतभर अंतरावरून गेला. लाकडावर फक्त एक खळगा, उखळीसारखा. आमचे मिस्त्री शेजारी बिडी ओढत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मसाला कांडायला ने घरी."

आता तोच ४८ चा ठोकळा तापवून ठोकला तर काय होतं बघा. लोखंड कुठे जात नाही, फक्त जागा बदलतं. चौकोनी ठोकळ्याची निमुळती पाचर केली, की तेवढ्याच मालात लांबी दुप्पट होते, कारण पाचर म्हणजे आकारमानाने अर्धा ठोकळा. ४८ चे ९६ झाले, आणि ५५ जाडीला ९६ लांबी म्हणजे कोन आला ३२ अंश. प्रत्यक्षात माल उंचीच्या दिशेनेही पसरतो, त्यामुळे ९६ मिळत नाहीत, ८०-८५ मिळतात आणि कोन ३६-३७ वर थांबतो. तो उत्तम आहे. पसरल्यामुळे तोंड जरा रुंद होतं, तेही आपल्याला हवंच असतं. घासून काढाल तर अर्धा किलोच्या वर लोखंड धुळीत जाईल, डोकं हलकं होईल आणि कोन तरीही ६० च राहील. ठोकून काढाल तर वजन जवळजवळ तेवढंच राहील, थोडी पापुद्र्याची घट सोडली तर.

पण आधी घण त्या लायकीचा आहे का ते पाहायला हवं. खाणीतला घण म्हणजे आयुष्यभर दगडावर आपटलेला. तोंडाच्या कडा बाहेर वळून फुललेल्या असतील, कोबीच्या पानासारख्या. त्या आधी घासून काढा. इथे ग्राइंडर खुशाल चालवा, कारण अशा फुललेल्या कडेचाच तुकडा उडून डोळ्यात जातो. मग चिरा शोधा. डोकं स्वच्छ घासून रॉकेल लावा, रॉकेल नसेल तर डिझेल. दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, फडक्याने कोरडं पुसा आणि वरून खडूची भुकटी चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. नेढ्याच्या चारी कोपऱ्यांत नीट बघा, चिरा तिथूनच सुरू होतात. नेढ्यात चीर दिसली तर विषय संपला. तो घण दिवाणखान्यात ठेवा, आजोबांच्या फोटोखाली. आगीत घालू नका.

दुसरी पारख ठिणगीची. संध्याकाळी अंधार पडला की डोक्याच्या कोपऱ्याला ग्राइंडर हलका टेकवा. साध्या नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळ्या रेघांच्या जातात. कार्बन असेल तर रेघेच्या टोकाला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. घणाचे फाटे मध्यम असतात, कानशीइतके दाट नसतात. आणि ठिणगी आखूड, मळकट लाल निघून लगेच विझत असेल तर ते बीड आहे, ओतीव. बीड तापवून ठोकलं की बिस्किटासारखं तुटतं. खाणीवरचे घण सहसा बीडाचे नसतात, ते दगडावर टिकलेच नसते, पण पाहून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

यानंतर खूण. ही पायरी लोक गाळतात. धार दांड्याला समांतर हवी, म्हणजे दांडा उभा धरला की धारही उभी. कळव्याला माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाने डोकं लोहाराकडे दिलं आणि "एका तोंडाला धार काढा" एवढंच सांगून चहाला गेला. परत आला तर धार आडवी, सुताराच्या वाकसासारखी. लोहाराची काय चूक, दांडा नसलेल्या डोक्याला उभं-आडवं कोण ओळखणार? नेढ्याचं भोक लंबगोल असेल तरी भट्टीच्या धुरात ते कोण बघत बसतं. खडूची खूण आगीत उडून जाते, म्हणून सेंटर पंचाने किंवा छिन्नीने ठळक टिंबं मारा. तोंडावर धारेच्या जागी एक सरळ ओळ, आणि ही ओळ बरोबर मध्यावर हवी, कॅलिपरने दोन्हीकडून मोजून. धार तीन-चार मिलिमीटर जरी एका अंगाला सरकली तर घाव बसताना डोकं हातात वळतं आणि मनगट दुखून येतं.

भट्टी घरी लावायची का? गावठाणात घरं एकमेकांना खेटून, वर कुणाची ताडपत्री, खाली कुणाची मोटरसायकल. साडेतीन किलोचा गोळा आतपर्यंत पिवळट नारिंगी व्हायला भरपूर कोळसा आणि चांगला वारा लागतो, अर्धा तास तरी जातो, आणि मग तो सांडशीत धरून दुसऱ्याने घण घालायचा असतो. नवशिक्याने एकट्याने करायचं हे काम नव्हे. मुरबाड-शहापूरकडे किंवा रस्त्याकडेला भाता लावून बसणारे लोहार असतात, विळे-कोयते पाजवायचं काम हलकं असेल अशा दिवशी त्यांच्याकडे जा. जाताना चार गोष्टी सांगा.

एक, नेढ्यात सुंबा, म्हणजे त्या मापाचा लोखंडी दट्ट्या, घालून ठोका. नाहीतर मार बसताना नेढं चेपतं आणि दांडा बसत नाही. लोहाराकडे त्या मापाचा सुंबा नसेल तर घरून एखादा जाड लोखंडी तुकडा नेढ्याच्या मापाला घासून घेऊन जा. त्यासाठीही तुमचा ग्राइंडर कामाला येईल. दोन, माल मंद लाल झाला की थांबायचं आणि परत आगीत घालायचं. घाईने काळपट लाल अवस्थेत ठोकलं की आत चिरा पडतात, त्या दिसतात तीन महिन्यांनी. उलट आगीतच पांढरट होऊन त्यातून फुलं उडायला लागली तर माल जळला, तो भाग कापूनच टाकावा लागतो. तीन, दोन्ही अंगांना सारखा मार. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: काम झाल्यावर पाण्यात बुडवायचं नाही. लोहाराचा हात सवयीने पाण्याच्या कुंडाकडे जातो, त्याचा रोजचा माल पातळ कोयत्याचा असतो. इतकं जाड डोकं लाल असताना एकदम पाण्यात गेलं तर तडकू शकतं. चुलीतल्या कोरड्या राखेत पुरून ठेवा, सकाळी काढा.

मग धारेला पाणी कधी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम थंड करून ती कडक कधी करायची, हा पुढचा प्रश्न येणारच. माझं मत विचाराल तर देऊच नका. कारखान्यात घणाची दोन्ही तोंडं वरवरून कडक केलेली असतात, मधला भाग नरम. ठोकून काढलेली आणि राखेत गार झालेली धार नरमच राहील, आणि ती तशीच चालते. सुरीची धार टिकवायला कडकपणा लागतो. ही सुरी नाही, पाचर आहे. एकदा टोक आत गेलं की पुढचं सगळं काम गालांचं, धार लाकडाला लागतसुद्धा नाही. नरम धार दगडावर पडली तर वळते, कानस मारून दहा मिनिटांत सरळ करता येते. कडक धार दगडावर पडली तर तुकडा उडतो, आणि तो कुठे जाईल ते सांगता येत नाही. तरी द्यायचंच असेल तर फक्त टोकाचे वीसेक मिलिमीटर तापवा. लोहचुंबक चिकटेनासं होतं ती खूण धरा, साधारण ७७० अंशांना होतं तसं, त्याहून किंचित वर नेऊन तेलात थंड करा. पाण्यात नाही. मग टोक घासून चकचकीत करा आणि मागून मंद आच द्या. रंग सरकत येतो, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा साधारण २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. छिन्नीवाले जांभळ्यावर थांबतात. तुम्ही निळ्यापर्यंत जाऊ द्या.

मागचं तोंड, म्हणजे घण म्हणून राहिलेलं, आगीच्या उष्णतेने थोडंफार नरम होईल. होऊ द्या. त्याने तुम्ही पाचर ठोकणार, दगड नाही. पण एक पथ्य आहे: कुऱ्हाड ओंडक्यात अडकली म्हणून तिच्या टाळूवर दुसरा हातोडा घालायचा नाही. कडक पोलाद कडक पोलादावर आदळलं की त्यातून गोळीसारखा तुकडा सुटतो.

घरी आणल्यावर तुमच्या ग्राइंडरची पाळी. फ्लॅप डिस्क लावा, ६० किंवा ८० नंबर, गार्ड काढायचा नाही, पूर्ण तोंड झाकणारी शील्ड घ्या. गाल सपाट करू नका, किंचित फुगीर ठेवा, आंब्याच्या कोयीसारखे. सपाट गाल लाकडात बसून धरून ठेवतो, फुगीर गाल फटक्यात ओंडका उघडतो आणि स्वतः मोकळा राहतो. धार दाढीची नको, बोट फिरवलं तर कडा जाणवावी पण कापू नये. घासताना निळा डाग पडला तर ज्याने पाणी दिलंय त्याने घाबरावं, तुम्हाला काही फरक नाही. आणि ठिणग्यांची दिशा बघा. त्या काचेवर पडल्या तर वितळलेले कण काचेत रुतून बसतात, काही केल्या निघत नाहीत. आमच्या सोसायटीत माझ्यामुळे एका गाडीची मागची काच अशी मुरमाड झाली, त्या गृहस्थांशी दोन वर्षं जिन्यात बोलणं नव्हतं.

दांड्याबद्दल. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण चुकीचा दांडा आधी तुमचाच काळ होईल. सागवान घेऊ नका, दिसायला सुंदर पण धक्क्याला फाटतो. धामण मिळाली तर सोनं, सह्याद्रीच्या पट्ट्यात अवजारांना पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरतात, वाकते पण मोडत नाही. नाहीतर बाभूळ. पौषात मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला जाणारं कुणी असेल तर त्यांना दोन आणायला सांगा, एक सुटा ठेवायला. पण तुमची हळद त्याआधी आहे, तेव्हा यंदा लोहाराकडेच विचारा, त्याच्याकडे दांडे असतातच. लांबी ३२ ते ३६ इंच, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मध्ये गाठ नको. जीआय पाइपचा दांडा करायचा मोह अनेकांना होतो. सगळा धक्का कोपरात येतो, आठवड्यात सोडून द्याल.

बसवताना दांडा नेढ्याच्या वर पाच-सहा मिलिमीटर बाहेर येऊ द्या, दांड्याच्या टोकाला पाडलेल्या चिरेत लाकडी पाचर ठोका, वर आडवी एक लोखंडी. ढिला झाला की बादलीत भिजवायची पद्धत आहे, ती सोडा. भिजून फुगतो, वाळला की आधीपेक्षा ढिला होतो. आपल्याकडे तर हवाच ते काम करते: श्रावणात घट्ट वाटलेलं डोकं एप्रिलमध्ये हलायला लागतं. वापरण्याआधी दर वेळी डोकं वर धरून दांड्याचं खालचं टोक जमिनीवर दोनदा आपटा, आवाज एकसंध यायला हवा. पावसाळ्यात जवसाचं तेल चोळा, रंग किंवा व्हार्निश नको, घामाने हात सटकतो.

लाकडाकडे मात्र आजच बघा. आंब्याचं लाकूड पावसात लवकर किडतं, बुरशी धरतं. ओंडके सोललेल्या उसासारखे उभे ठेवून उपयोग नाही, फोडून ढलप्या केल्या तरच वारा आतपर्यंत जातो. तेव्हा घण लोहाराकडे जाईपर्यंत थांबू नका, दोन पाचरांवर काम सुरू करा. भंगारात ट्रकच्या कमानपाट्याचा जाड तुकडा किंवा मोडक्या पहारीचं टोक मिळतं, त्याच्या पाचरा होतात. पहार बरी, ती जाड असते आणि निमुळती असतेच. जुन्या मोठ्या कानशीची पाचर कधीही करू नका. कानस इतकी कडक असते की घणाखाली काचेसारखी फुटते. पडलेलं झाड तुमच्याच परसातलं असलं तरी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवून ठेवा, आणि त्याच्या शेजारचं उभं झाड परवानगीशिवाय तोडू नका, १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा शहरात लागू आहे.

फोडताना ओंडका जमिनीवर नको, बुटक्या ठोकळ्यावर ठेवा, घाव गुडघ्याच्या खाली संपायला हवा. घाव चुकला तर ठोकळ्यात जाईल, नडगीत नाही. ओंडक्याच्या तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या भेगा दिसतात, त्याच रेषेत घाव घाला. दोन वितींपेक्षा रुंद ओंडका मधून फोडायचा हट्ट करू नका, कडेकडेने ढलप्या काढत आत या. दोन फांद्यांचं बेचकं असलेला तुकडा बाजूला टाका. त्यात रेषा एकमेकांत गुंतलेल्या असतात, तो हळदीच्या चुलीत अख्खाच शेवटी लावायचा, रात्रभर धुमसतो. ओंडक्याला जुना टायर घातला तर तुकडे उडत नाहीत आणि वाकवाकून गोळा करावे लागत नाहीत, पण टायरला खालून भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साचून डास होतात.

घणाऐवजी घरात जुनी कुऱ्हाड असेल तर तीही काढून बघा. पाजवून पाजवून पातं आखूड झालेली, तोडायला जी आता चालत नाही, तीच फोडायला बरी असते. पुढचा पातळ भाग झिजून जाडीपर्यंत आलेली असते, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं. धार ३० अंशांच्या आसपास फुगीर करून घ्या, हाताएवढ्या जाडीची लाकडं तिनेच फुटतील. कुऱ्हाडीच्या दोन्ही गालांवर अँगलचे तुकडे वेल्ड करून जाडी वाढवायची युक्ती सुचेल, ती करू नका. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं. माझा असा तुकडा तिसऱ्या दिवशी सुटून शेडच्या पत्र्याला भोक पाडून गेला, पलीकडे त्या वेळी कुणी नव्हतं.

लोहाराकडे जाण्याआधी तुमच्या घणाची तीन मापं मला पाठवा: जाडी, नेढ्याच्या काठापासून तोंडापर्यंतचं अंतर, आणि नेढं चौकोनी की लंबगोल. नेढ्यापासूनचं अंतर ५० पेक्षा कमी निघालं तर लोहाराला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल.